अकरा तास बावन्न मिनिटं

१

"आत्या, सही माझी आहे. कागद माझा नाही."

भाचीने हे सांगितलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बाई गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभ्या होत्या. चौकशी दुपारी दोनला होती. म्हणजे साडेचार तास उरले. तेवढ्यात विमान दोन हजार मैल जातं, असा एक बिनकामाचा हिशेब बाईंच्या डोक्यात आपोआप होऊन गेला. एकतीस वर्षांची खोड चार वर्षांच्या निवृत्तीने कुठली जायला!

बाईंनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. एका विमान कंपनीच्या मार्ग-नियोजन कक्षात बसून त्या सांगायच्या, की या विमानतळाहून त्या विमानतळावर कुठल्या वाटेने जायचं, किती मैल पडतील, किती वेळ लागेल आणि त्यासाठी इंधन किती भरायचं. यंत्रं आली तरी त्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर पडताळून बघायच्या, म्हणून कंपनीत त्यांना दोरेवाल्या बाई म्हणत. भाची त्याच कंपनीत कॅप्टन झाली, तेव्हा बाईंनी ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांना धरून धरून सांगितलं होतं.

आणि आता ती स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून नखं खात होती.

नऊ दिवसांपूर्वी ती इथून पश्चिमेच्या टोकाच्या विमानतळावर विमान घेऊन गेली. मध्ये कुठेही थांबा नाही, पाच हजार चारशे ऐंशी मैल. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की समोरचा वारा जास्त आहे आणि इंधन भराभर संपतंय. मधले दोन्ही विमानतळ धुक्याने बंद होते. तिने सरळ वाट मागून मागून विमान रेटलं आणि उतरवलं, तेव्हा टाकीत पंधरा मिनिटांचं इंधन उरलं होतं. दोनशे बारा माणसं सुखरूप उतरली. त्यातल्या बऱ्याच जणांनी उतरताना जेवण बरं नव्हतं अशी तक्रारही केली.

"नीट सांग. कागद कसा होता?" बाईंनी विचारलं.

"नेहमीसारखा. दोन पानं, क्लिप लावलेली. पहिल्या पानावर नियोजकाने काढलेला वेळ आणि इंधन. दुसऱ्यावर मी किती इंधन घेतेय ते माझ्या हाताने लिहायचं आणि सही. मी पाहिलं त्या पानावर अकरा तास पाच मिनिटं होती आणि चौऱ्याहत्तर टन. मी पंचाहत्तर घेतलं. एक टन जास्तीचं, नेहमीसारखं."

बाईंना ते वेगळं सांगायला नको होतं. ही मुलगी शाळेत दोन पेन्सिली आणि दोन पाण्याच्या बाटल्या न्यायची.

"आणि आता फायलीत काय आहे?"

"अकरा तास बावन्न मिनिटं. एकोणऐंशी टन. दुसरं पान माझंच. म्हणजे नियोजकाने एकोणऐंशी सांगितलं आणि मी शहाणपणा करून चार टन कमी घेतलं, असा अर्थ होतो. आत्या, दोनला त्यांनी तसं मानलं तर परवाना गेला. परत कधीच नाही मिळणार."

दारातून भाचीचे वडील, म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, फोन नाचवत आत आले. "मी काढलं बघ. अंतर भागिले वेग. अकरा तास पंचवीस मिनिटं. फोन सांगतोय. जाताना तेवढेच, येताना तेवढेच."

"फोनला वारा लागत नाही," बाई म्हणाल्या. "तू बस. फाईल कुणाकुणाच्या हातातून गेली गं?"

"तुझी प्रत असते ना, असं तू विचारणार. ती मी तिकडे उतरल्यावर पाकिटात घालून दिली, आणि पाकीट इथेच परत आलं. यंत्रात फक्त शेवटचा कागद राहतो. तिघांचे हात लागले. विभागप्रमुख, फायली सांभाळणाऱ्या काकू, आणि..." भाची थांबली. "आणि त्या दिवशीचा नियोजक. कंपास."

कंपास बाईंचा सगळ्यात लाडका विद्यार्थी होता. बाई वळल्या नाहीत, आणि दूध उतू गेलं.

२

विभागप्रमुखांना सगळे मागून खुर्चीसाहेब म्हणत, कारण दोन वर्षांपूर्वी मुख्य कचेरीतून बदलून येताना ते स्वतःची खुर्ची बरोबर घेऊन आले होते. मार्ग कसा आखतात हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आताही त्यांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नव्हतं.

"बाई, तुम्ही आता बाहेरच्या आहात. केवळ तुमच्या वयाकडे बघून पाच मिनिटं देतो."

"चार पुरेत. फाईल तुमच्याकडे होती?"

"एक रात्र. कपाटात. किल्ली माझ्या खिशात." त्यांनी खिसा थोपटला. "आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे? सव्वाबारा तास लागले त्या प्रवासाला. सव्वाबारा! दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत. अहवालात स्वच्छ लिहिलंय. तुमच्या भाचीने इंधन कमी घेतलं, एवढीच गोष्ट आहे."

भिंतीवर त्यांच्याच सहीचं परिपत्रक चिकटवलेलं होतं. कॅप्टन मंडळींनी जास्तीचं इंधन घेण्याची सवय सोडावी, विमान जड होतं, असा त्यातला मजकूर. बाईंनी तो दोनदा वाचला. इंधन कमी पडलं ते या परिपत्रकामुळे, असं उद्या कुणी म्हणालं तर साहेबांची खुर्ची जिथून आली तिथे परत जाणार होती. कॅप्टनवर ठपका बसला तर मात्र त्यांचा केसही वाकडा होणार नव्हता.

"त्या आठवड्यात नियोजनाला कोण कोण होतं?"

"एकटा कंपास. बाकीचे दोघे प्रशिक्षणाला पाठवले होते मी. एकट्याने सगळी विमानं काढली त्याने, डबल पाळी करून. असा माणूस मिळत नाही." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अकरा वाजले. दोनच्या आत तुम्ही इमारतीत दिसलात तर बरं दिसणार नाही."

बाई उठल्या. साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि खोलीत तर थंडी वाजेल इतकी हवा सोडलेली होती.

३

फाईलकाकूंचं टेबल मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात होतं, बरोबर फळ्याखाली. हा फळा बाईंनीच लावून घेतला होता. नियोजकाने विमान सुटण्याआधी आपण काढलेला वेळ डाव्या रकान्यात खडूने लिहायचा, आणि विमान उतरल्यावर चाकं उठल्यापासून टेकेपर्यंत प्रत्यक्ष लागलेला वेळ उजव्या रकान्यात. चूक किती मिनिटांची झाली ते सगळ्या जगाला दिसलं पाहिजे, म्हणजे माणूस शिकतो, हे बाईंचं मत. आणि फळ्यावर एक पितळी घंटा टांगलेली होती. ज्याचा आकडा मिनिटाला मिनिट जुळेल त्याने ती वाजवायची आणि दालनातल्या सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

"बसा बाई," काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. "मला वाटलंच तुम्ही येणार. पोरगी रडली का?"

"अजून नाही. काकू, पाकीट तुम्ही उघडलंत?"

"मीच उघडलं, फायलीला लावलं, रजिस्टरात चढवलं." काकूंनी रजिस्टर फिरवून दाखवलं. "हे बघा. दार बंद, पाच पंचावन्न. दार उघडलं, अठरा नऊ. बारा तास चौदा मिनिटं. मला मेलीला दारंच कळतात. तुमच्यासारखं चाकं जमिनीवरून कधी उठली नि कधी टेकली, ते मी कुठे बघत बसू?"

रजिस्टराच्या त्याच पानामागून एक जुना तपकिरी डाग उमटलेला दिसत होता.

"हे काय सांडलं?"

"चहा. पहिल्या पानापासून आरपार गेलाय. तीन वर्षं झाली. ती तुमची घंटा वाजली शेवटची तेव्हा. बरोबर माझ्या डोक्यावर! मी अशी दचकले, की अर्धा कप रजिस्टरावर. त्यानंतर नाही वाजली, नशीब माझं."

बाई हसल्या. वर पाहिलं. घंटेच्या दोरीवर कोळ्याने निवांत जाळं विणलं होतं. फळ्यावर नव्या महिन्याचे पाचसहा दिवस लिहिलेले होते.

"मागचा महिना पुसला?"

"तो दर पहिल्या तारखेला पुसतात ना. या वेळी मात्र मी एकोणतीसलाच आले तर फळा कोरा. मी म्हटलं, साहेबांकडे कुणी पाहुणे येणार असतील."

भाचीचं विमान सत्तावीस तारखेचं. फळ्यावरची ओळ जेमतेम दीड दिवस जगली होती. बाईंना आतून काहीतरी टोचायला लागलं. काय, ते मात्र हाती येईना.

"काकू, फळा पुसताना कुणाला पाहिलंत?"

काकूंनी मान हलवली. पण त्यांची नजर दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि झटकन परत आली.

४

कंपास बाईंना पाहून उभाच राहिला. वीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा खिशात कंपास घेऊन फिरायचा, म्हणून ते नाव पडलं. आता केस पांढरे झाले होते. त्याने आपली खुर्ची बाईंना दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभा राहिला.

"गुडघा कसा आहे, बाई?"

"आहे जागेवर. तू खंगलास."

"झोप नाही." त्याने डोळे चोळले. "वाईट वाटतं हो तुमच्या भाचीचं. चांगली पायलट आहे. पण मी अकरा बावन्नच काढलं होतं. एकोणऐंशी टन सांगितलं होतं."

हे सांगताना त्याने उघडा खण गुडघ्याने आत ढकलला. बाईंना त्या खणाची ओळख होती. कागद कधी फाडायचा नाही, चुकलेला असला तरी तारीख घालून खणात ठेवायचा, हा नियम त्यांचाच होता. चुकांचे कागद जपले नाहीत तर त्याच चुका नव्याने कराव्या लागतात, असं त्या सांगायच्या आणि पोरं तोंड दाबून हसायची.

"तुझा आकडा हल्ली किती चुकतो रे?"

"चार, पाच, कधी सहा मिनिटं. वीस वर्षांत घंटा नाही वाजवली मी. तुम्ही सहा वेळा वाजवलीत." तो ओशाळं हसला. "मी हल्ली नाद सोडलाय."

"त्या दिवशीच्या पहाटेचा वाऱ्याचा अंदाज काढून दे मला. विमान सुटण्याआधी तुझ्या हातात आला होता तोच."

कंपासने कागद छापून दिला.

बाईंनी कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल ओढून घेतला. त्याला त्यांचा दोरा अजून बांधलेला होता, दहा गाठींचा. एक टोक इथे, एक तिथे. दोरा अंतर सांगतो, पाच हजार चारशे ऐंशी, जायला तेवढंच आणि यायला तेवढंच. पण वेळ सांगत नाही. वेळ वाऱ्याच्या हातात. त्यांनी गाठीगाठीला वारा मांडला, कुठे समोरून तीस, कुठे दहा, एका ठिकाणी चक्क मागून पाच, आणि पेन्सिलीने भागाकार करत बसल्या. बारा वाजले. साडेबारा वाजले. एका गाठीपाशी चूक झाली, खोडून परत केलं. चार वर्षांनी इतकी मजा येत होती, की भाचीची आठवण झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

पावणेएकला उत्तर आलं. अकरा तास एकोणपन्नास मिनिटं.

फायलीतल्या कागदावर अकरा बावन्न. फरक फक्त तीन मिनिटांचा. म्हणजे फायलीतला कागद बरोबर होता? मग पोरगी खोटं बोलत होती?

त्यांनी भाचीला फोन लावला. "तुझी खिशातली डायरी आहे ना? चाकं उठली कधी, टेकली कधी, ते सांग. दारांचं नको."

"उठली सहा दहाला. टेकली अठरा दोनला. जागतिक वेळेने."

बाईंनी कागदावर वजाबाकी केली. मग मान वर करून दूरच्या भिंतीवरच्या घंटेकडे पाहिलं. जाळं वाऱ्याने हलत होतं.

त्यांना सगळं समजलं होतं आणि त्यातला अर्धा भाग समजला नसता तर बरं झालं असतं.

५

चौकशीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वैमानिक, कमी बोलणारे. लांब टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला भाची एकटी, आणि भिंतीला लागून खुर्चीसाहेब, काकू आणि कंपास. बाईंना पाहून साहेब अर्धे उठले.

"या बाहेरच्या..."

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "मी यांनी काढलेल्या वाटांवरून बावीस वर्षं विमान चालवलंय. बोला बाई."

बाई उभ्याच राहिल्या. "या कागदावर अकरा तास बावन्न मिनिटं लिहिलंय. कॅप्टनच्या डायरीप्रमाणे चाकं सहा दहाला उठली आणि अठरा दोनला टेकली. किती झाले?"

अध्यक्षांनी बोटांवर मोजलं. "अकरा बावन्न."

"मिनिटाला मिनिट. मग घंटा का वाजली नाही?"

काकूंनी हात तोंडावर नेला.

"आमच्या दालनात आकडा जुळला की घंटा वाजते. वर्षानुवर्षं माणसं त्या घंटेची वाट बघतात. ती काकूंच्या डोक्यावर आहे. सत्तावीस तारखेला वाजली असती तर काकूंना आजपर्यंत विसर पडला नसता. दोरीवर जाळं आहे. पाच हजार मैलांचा, बारा तासांचा अंदाज मिनिटाला बरोबर आला आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. याचा अर्थ विमान सुटताना हा आकडा नव्हताच. विमान उतरल्यावर तो कागदावर आला."

"योगायोग असेल," साहेब म्हणाले. "माणूस विसरतो वाजवायला."

"त्या पहाटेचा वारा मी स्वतः मांडला. अकरा एकोणपन्नास येतात. बावन्न त्या वाऱ्यातून निघतच नाहीत. बावन्न फक्त प्रत्यक्ष प्रवासातून निघतात." बाईंनी आपला खाडाखोडीचा कागद अध्यक्षांपुढे सरकवला. "आता कुणी केलं ते. मला आधी तुमचाच संशय आला होता साहेब, माफ करा. तुमचं परिपत्रक, तुमचं कपाट, तुमचा घाम."

"मला ताप आहे," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

"पण तुम्ही दारं मोजता. सव्वाबारा तास. काकूही दारं मोजतात, बारा चौदा. या अख्ख्या फायलीत दुसरा वेळ कुठेच नाही. तुमच्यापैकी कुणी खोटा कागद केला असता तर त्यावर बारा चौदाच्या आसपासचं काहीतरी पडलं असतं. चाकांचा वेळ दोनच ठिकाणी होता. कॅप्टनच्या खिशात, आणि फळ्यावर खडूने. तो फळा दोन दिवस आधीच पुसला गेला, कारण डाव्या रकान्यात खरा आकडा होता. अकरा पाच."

बाईंनी कंपासकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं.

"चाकं मोजायला मी शिकवलं. त्या आठवड्यात ते शिकलेला एकच माणूस कामावर होता."

कंपास भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याने दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले.

"परतीचा कागद होता," तो हळू म्हणाला. "सोळा तास झाले होते कामावर. वेळ वाचावा म्हणून मी परतीच्या विमानाचा कागद उघडून त्यावरूनच हा बनवला. अंतर पाहिलं, पाच हजार चारशे ऐंशी, जुळलं. पुढे बघितलंच नाही. वारा उलटा राहिला. विमान उतरल्याचा निरोप आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. आणि मग बाहेर येऊन कागद बदलला."

"पण मिनिटाला मिनिट कशाला लिहिलंस?" अध्यक्षांनी विचारलं. "दोन-चार मिनिटं इकडेतिकडे केली असतीस तर कुणाला शंका आली नसती."

"कळत होतं मला." कंपास बाईंकडे पाहत होता. "फळ्यावर समोर अकरा बावन्न होतं. एकदा तरी माझ्या हातून कागदावर बरोबर आकडा उतरावा असं वाटलं, बाई. तसाच लिहिला गेला."

तो उठला, बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात एक घडी घातलेलं पान होतं. वर तारीख, सत्तावीस. अकरा तास पाच मिनिटं, चौऱ्याहत्तर टन. त्याने ते अध्यक्षांपुढे ठेवलं.

"फाडता आला नाही," तो म्हणाला.

६

सव्वातीनला भाची परवाना परत खिशात घालून बाहेर आली, आत्याला मिठी मारली आणि मग सकाळपासून राहिलेलं रडणं एकदाचं रडून घेतलं. फोनवर बाईंचा भाऊ काहीतरी मोठमोठ्याने विचारत होता, पण त्याला उत्तर देण्याच्या स्थितीत दोघीही नव्हत्या.

कंपास जिन्यापाशी उभा होता. त्याचं ओळखपत्र काढून घेतलेलं होतं. बाई त्याच्यासमोर थांबल्या. त्यांना त्याचा संताप आला होता, आणि त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघवतही नव्हतं.

"दोनशे बारा माणसं होती रे," त्या म्हणाल्या. "चूक झाली तिथे हात वर केला असतास तर मी तुझ्या बाजूने आत उभी राहिले असते. तू पोरीचा गळा पुढे केलास."

"हो." त्याने मान खाली घातली. मग विचारलं, "बाई, तुम्ही मांडलंत ते एकोणपन्नास... नक्की? मी नीट काढलं असतं तर तेवढेच आले असते?"

"त्याच वाऱ्यावर, त्याच दोऱ्यावर? तेवढेच."

"म्हणजे तीनच मिनिटं चुकलो असतो." कंपास जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. "वीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला आकडा होता तो, बाई."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला, आणि भाचीच्या मागोमाग जिना उतरायला लागल्या.